वाळत घातलेल्या पट्ट्या

मी वेडी नव्हते असं मी कधी म्हणणार नाही. होते. चांगलीच होते. दुसरं बाळ पोटातच गेलं आणि त्यानंतर माझी झोप उडाली ती उडालीच. मग दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी खळ्यावर गेले आणि बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढून खाडीत फेकायला लागले. बोंबील आम्ही जोडीने वाळवतो. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीवर टांगायचे. मला त्या दिवशी वाटलं, हे सगळे तोंड उघडून श्वास मागतायत. बायका ओरडत होत्या, "अगं बाई, करतेस काय!" आणि मी म्हणत होते, "जाऊ द्या गं त्यांना पाण्यात." आमचे संपल्यावर मी शेजारणीचे फेकले. तेव्हा कुठे लोकांना पटलं की हिला डॉक्टर पाहिजे. नुसते आमचेच फेकले असते तर अजून महिनाभर भगतावरच भागवलं असतं.

ही २०१५ची गोष्ट. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत होती.

मला पहिल्यांदा बांधलं ते माझ्या नवऱ्याने. इस्पितळात नेताना आशागडच्या पुढे मी चालत्या जीपमधून उडी मारायला गेले, म्हणून त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून माझी मनगटं बांधली. तो बोटीवरचा माणूस. गाठ अशी मारली की ओढली तरी आवळत नाही, आणि आत दोन बोटं जातील एवढी ढील ठेवली. चारोटीला जीप थांबली तेव्हा सोडलं, बशीत ओतून चहा पाजला, पुन्हा बांधलं. बांधताना रडत होता, आणि मी त्याला वाटेल ते बोलत होते. त्या बांधण्याचा मला राग नाही. आज नाही, तेव्हा होता.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. लिहून काय डोंबल मिळणार आहे? घरापासून चार तासांवर, उंच भिंतीचं, आत वडाची दोन झाडं. नवऱ्याने कागदावर सही केली आणि माझ्या बांगड्या, मंगळसूत्र, चपला पिशवीत घालून घेऊन गेला. केस तिथल्या तिथे कापले. उवा होतात म्हणून. मला नव्हत्या, पण ते विचारायची पद्धत नव्हती.

वॉर्डात बायकांना सांभाळायला ज्या आया असत त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. एका पाळीला दोन मावश्या आणि आम्ही चाळीस-पंचेचाळीस जणी. कुणी ओरडलं, कुणी कपडे काढले, कुणी नको तेवढ्या वेळा दार वाजवलं, की खाटेला बांधायचं. जुन्या चादरी फाडून पट्ट्या केलेल्या असायच्या. हातांना दोन, पायांना दोन. खाटेच्या दांडीला गाठ.

मला चौथ्या दिवशी बांधलं, कारण मी गोळी थुंकली होती. माझं लक्ष आधी गाठीकडेच गेलं. आता हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण काय करणार, माझा जन्मच त्यात गेला. माझ्या बापाला मुलगा नव्हता. जाळं शिवायला, दोरखंडाच्या गाठी मारायला त्याने मलाच शेजारी बसवलं. ही मावशी मारत होती ती सरकगाठ. ओढली की आवळत जाते. बोटीवर असली गाठ माणसाच्या अंगाला कुणी लावत नाही. मी म्हटलं, "मावशी, ही गाठ चुकतेय, हात काळा पडेल माझा." ती दुसरीला म्हणाली, "बघ, हिला गाठी कळतात." दोघी हसल्या आणि पट्टी अजून खेचली.

बांधलेलं असताना काय होतं, ते बाहेरच्या माणसाला वाटतं त्यापेक्षा फार क्षुल्लक असतं. नाकाला खाज सुटते. माशी ओठावर बसते आणि उठत नाही. पाठीखाली चादरीची वळी येते आणि तासाभराने वाटतं की खाली दगड आहे. तहान लागते, पाण्याचा पेला समोर खिडकीत दिसत असतो. लघवीला लागते. पहिल्यांदा हाक मारता, दुसऱ्यांदा मारता, तिसऱ्यांदा ओरडता. ओरडलं की म्हणतात, अजून शांत झाली नाही. मग व्हायचं ते होतं, आणि त्यात तुम्ही पडून राहता. मी रोज डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाजवणारी बाई. कुणाच्या बापाला घाबरले नाही कधी. आणि तिथे मी माझ्याच मुतात पडून एका मावशीला म्हणत होते, "ताई, चुकलं माझं." काय चुकलं ते मला माहीत नव्हतं.

तिथे एकच वाक्य चालायचं. "आधी शांत बसून दाखव, मग सोडते."

आता शांत म्हणजे नेमकं काय, ते शिकायला मला तीन आठवडे लागले. रडलं तर शांत नाही. हसलं तर मुळीच नाही. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलं तर औषध वाढवतात. एकच गोष्ट दोनदा विचारली तर हट्टी. पाठ भिंतीला टेकून बसायचं, नजर खाली, दोन्ही हात मांडीवर, समोरच्याला दिसतील असे. हे शांत. मी ते शिकले, कारण मला घरी जायचं होतं. मुलीला जाताना मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. औषधाने म्हणा, कशाने म्हणा, झोप लागायला लागली होती, आणि झोप लागल्यावर पहिली आठवण आली ती तिची. तिच्या शाळेच्या डब्यात काय देत असतील, वेणी कोण घालत असेल. दर राऊंडला मी नजर खाली ठेवून डॉक्टरांना विचारायचे, "सर, घरी कधी?" पाचव्या आठवड्यात ते म्हणाले, "येत्या बुधवारी नवऱ्याला बोलावतो. घेऊन जाईल." मी मान हलवली. हसले नाही. इतकी हुशार झाले होते.

आणि मंगळवारी दुपारी मी माती खाल्ली.

माझ्या शेजारच्या खाटेवर तलासरीकडच्या पाड्यावरची एक बाई होती. माझ्या आईच्या वयाची, मजुरी करणारी. तिची बोली वॉर्डात कुणालाच कळत नसे. आमच्याकडे डहाणूच्या बाजारात तिच्यासारख्या बायका सुकट घ्यायला येतात, त्यामुळे मला निम्मंअधिक कळायचं. ती काही मागायची, मावश्यांना वाटायचं शिव्या देतेय. मग बांधायच्या. ती अजून जोरात सांगायची, तर तोंडात कापड कोंबायची भीती घालायच्या. मी दोन-तीनदा सांगितलं, "मावशी, ती नुसतं पाणी मागतेय." उत्तर यायचं, "तू तुझं बघ, तुला घरी जायचंय ना?" बरोबर होतं. मी माझं बघत होते.

त्या मंगळवारी तिला सकाळपासून बांधलं होतं. दुपारी मावश्या जेवायला गेल्या, बाहेरून कुलूप लावून. ती माझ्याकडे मान वळवून सांगायला लागली की तिला जायचंय, पोट बिघडलंय. मी नजर खाली केली, हात मांडीवर ठेवले. ती पुन्हा म्हणाली. मग नुसती कण्हायला लागली. मग वास आला. तिने डोळे मिटून घेतले. चार पोरांची आई असलेली बाई, लाजेने तोंड फिरवायलासुद्धा तिला जागा नव्हती.

मी उठले आणि गाठी सोडल्या. आवळलेली गाठ कशी सोडवायची ते मला कुणी शिकवायला नको. तिला मोरीत नेलं, अंगावर पाणी घातलं, माझा दुसरा झगा तिला घातला, चादर बदलून तिला परत निजवलं. ती लगेच झोपली. एवढं करून मी गप्प माझ्या खाटेवर बसले असते, तरी कदाचित निभावलं असतं. पट्ट्या खाटेखाली ढकलून दिल्या असत्या तर एका मावशीला वाटलं असतं, दुसरीने सोडलं. त्यांचं तसं रोजच व्हायचं.

पण पट्ट्या भरल्या होत्या. घाणीने ओल्या होत्या. आणि आमच्या घरात ओली दोरी तशीच टाकायची पद्धत नाही. धुवायची, पिळायची, ताणून वाळत घालायची. ओली दोरी पडून राहिली की कुजते आणि कुजलेली दोरी भर समुद्रात तुटते. यावरून मी लहानपणी बापाच्या हातचा मार खाल्लाय. माझ्या हातांनी विचारच केला नाही. मी त्या चारही पट्ट्या चोळून धुतल्या, झटकल्या आणि खिडकीच्या गजांना ताणून, समान अंतरावर, ओळीने वाळत घातल्या. वर दोन्ही टोकांना छान गाठी मारल्या, वाऱ्याने पडू नयेत म्हणून. मागे सरकून बघितलंसुद्धा, नीट दिसतायत ना.

मावश्या परत आल्या आणि त्यांना दारातूनच दिसलं.

"कोणी सोडलं हिला?"

मी म्हटलं, "मी." खोटं बोलायचं सुचलं नाही. चूक केलीय असंच वाटलं नव्हतं मला. मला तर वाटलं होतं, पट्ट्या धुतल्या म्हणून जरा बरं वाटेल त्यांना. कपाळ माझं!

त्यातली थोरली तिला पुन्हा बांधायला निघाली. ती झोपलेली होती हो! झोपलेल्या माणसाला बांधायचं? मी मावशीचं मनगट धरलं. मारलं नाही, धरलं. केसपेपरवर काय लिहिलं ते मला नंतर नवऱ्याकडून कळलं. पेशंटने दुसऱ्या पेशंटला मोकळं केलं, पट्ट्या खिडकीला बांधून ठेवल्या, कर्मचाऱ्यावर हात टाकला. बांधून ठेवल्या! त्यांना वाटलं मी गळफासाची तयारी केली होती. माझ्या गाठी चांगल्या होत्या, म्हणून संशय पक्का झाला.

शेजारच्या वॉर्डातल्या दोघींना बोलावून चौघींनी धरून इंजेक्शन दिलं आणि मागच्या व्हरांड्यातल्या आतल्या खोलीत टाकलं. आतली खोली म्हणजे लोखंडी दार, दाराला हाताच्या पंजाएवढी जाळी, जमिनीत संडासचं भोक, एक घोंगडी. कडी बाहेरून. पेला नाही, पाणी मागायचं तर दार वाजवायचं, आणि दार वाजवलं की शांत नाही. वर एक झरोका होता, त्यातून उन्हाचा तुकडा यायचा आणि भिंतीवरून सरकत जायचा. तेवढंच माझं घड्याळ.

तो तुकडा दुसऱ्या दिवशी भिंतीच्या मध्यावर आला असेल, तेव्हा मला माझ्या मुलीचा आवाज आला.

बुधवार होता. नवरा मला न्यायला आला होता आणि मुलीला कुणाकडे ठेवायचं म्हणून बरोबर घेऊन आला होता. आई घरी येणार म्हणून ती शाळा बुडवून आली होती. त्याला ऑफिसात सांगितलं की पुन्हा बिघडली, आज सोडता येणार नाही. त्याने फार गयावया केली असणार, कारण एका मावशीला दया आली आणि ती म्हणाली, "दुरून बघून घ्या." लहान पोरीला तिकडे आणायचा नियम नव्हता. दया आली की माणसं नियम मोडतात, आणि नेमका नको तोच मोडतात.

मी दारावर अक्षरशः तुटून पडले. तिचं नाव घेऊन ओरडले. दोन्ही हातांनी दार बडवलं, डोकं आपटलं. जाळीतून मला तिचा हिरवा फ्रॉक दिसला आणि वर नवऱ्याचा चेहरा. त्याने तिला कडेवर घेतलं होतं. माझे केस कापलेले, तोंडाला फेस, कपाळाला रक्त. ती माझ्याकडे बघत होती आणि ओळखत नव्हती. मावशी दाराशी येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आधी शांत बसून दाखव, मग कडी काढते." मी ओरडले, "काढ! माझी पोरगी आहे ती!" मावशी म्हणाली, "बसून दाखव."

आणि मी बसले. पाठ भिंतीला, नजर खाली, हात मांडीवर. मावशीने जाळीतून बघितलं आणि म्हणाली, "शाबास." कडी काढली नाही. मी नजर वर केली तेव्हा फ्रॉक गेला होता.

मला अजून दोन महिने ठेवलं. त्यातले आतल्या खोलीत किती गेले ते विचारू नका, पहिल्या काही दिवसांनंतर मी उन्हाचा तुकडा बघायचा सोडून दिला. तलासरीच्या त्या बाईला मी पुन्हा पाहिलं नाही. कुणी म्हणालं घरी नेली, कुणी म्हणालं दुसऱ्या वॉर्डात. घरी नेली असंच मी धरून चालते.

मी परत आले तेव्हा मुलगी घरात नव्हती. नवऱ्याने तिला गुजरातच्या हद्दीवर वेवजीला त्याच्या बहिणीकडे ठेवलं होतं. नणंदेचा नवरा उंबरगावच्या कंपनीत, घर पक्कं, शाळा जवळ. नवरा समुद्रावर, मी इस्पितळात, पोरीने काय वाऱ्यावर राहायचं होतं? मला सगळं पटत होतं. "बरी हो आधी, मग आणू," तो म्हणाला. मी बरी झाले. गोळ्या वेळेवर, महिन्याच्या महिन्याला डॉक्टर. पुन्हा खळं सांभाळलं, बाजारात बसायला लागले. शेजारणीने पहिल्या वर्षी तिच्या बोंबलांची वलांडी माझ्यापासून लांब हलवली, दुसऱ्या वर्षी पुन्हा जवळ आणली. पण मुलगी आली की दोन दिवसांची पाहुणी. नणंदेच्या पदराआडून बघायची. तिच्या बोलण्यात गुजराती शब्द यायला लागले, माझी सुकट तिला वास मारायला लागली. मी नणंदेला काही बोलू शकत नव्हते. पोरीच्या केसांना तेल, नखं कापलेली, वह्यांना कव्हरं. कशावरून भांडणार?

मधल्या काळात नवा कायदा आला म्हणे. कुणाला असं एकटं कोंडायचं नाही, बांधायचं तर अगदीच जिवावर बेतलं तरच, असं त्यात लिहिलंय. दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं. मी म्हटलं, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार?

२०१९च्या मे महिन्यात नवराच म्हणाला, "तिला पंधरा दिवस ठेवून बघू. नीट राहिली तर पाचवीला इथल्या शाळेत घालू." नीट कोण राहिली तर, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला दहावं लागलं होतं. मी घर सारवल्यासारखं स्वतःला सारवलं. आवाज खाली, हालचाल सावकाश, तिच्या अंगाला हात लावायचा तर आधी विचारायचं. अकरा दिवस बरे गेले. नवव्या दिवशी तिने मला वेणी घालू दिली. मी वेणीला शेवटी रिबिनीची गाठ मारली, तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, "आत्यापेक्षा सरळ आली." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

बाराव्या दिवशी दुपारी एक मेलं कुत्रं खळ्यात शिरलं आणि सुक्या बोंबलांची अख्खी जुडी तोंडात धरून पळालं. मी कोळणीसारखी ओरडले. कोळीणच आहे ना मी! चप्पल फेकली, दोन-चार ठेवणीतल्या शिव्या घातल्या. खळ्यातल्या सगळ्या बायका हसल्या, एकीने कुत्र्यामागे काठी फेकली. मी उरलेली सुकट उचलून सुकटीच्या खोपीत ठेवायला गेले. मांजरकुत्री शिरू नयेत म्हणून खोपीला बाहेरून कडी आहे. मी आत वाकले होते आणि मागून दार लागलं. कडी पडल्याचा आवाज आला.

आधी वाटलं वारा. मग फटीतून मला तिचा एक डोळा दिसला.

"अगं, कडी काढ," मी म्हटलं.

"आधी शांत बसून दाखव," ती म्हणाली, "मग काढते."

ती थट्टा करत नव्हती. तिला दुसरं काही येतच नव्हतं. आई ओरडायला लागली की काय करायचं असतं, ते तिने सहाव्या वर्षी एकदाच, नीट बघितलं होतं.

माझ्या तोंडाशी काय काय आलं! मी तुझी आई आहे, कुत्रं होतं ते, जगातल्या सगळ्या बायका कुत्र्यावर ओरडतात, माझ्याच घरात तू मला कोंडतेस? आतून लाथ घातली असती तर ती खोप कोसळली असती, माडाच्या झापांचीच तर होती. पण मी बसले. पाठ कुडाला टेकून, नजर खाली, दोन्ही हात मांडीवर. फटीतून दिसतील असे. कितीतरी वेळ ती बघत होती.

मग कडी निघाली. मावशीने काढली नव्हती, हिने काढली. एवढं मी तिच्या बाजूने धरते. दारात उभी राहून ती म्हणाली, "शाबास."

पंधरा दिवस झाले तेव्हा नवऱ्याने जेवताना विषय काढला. मी म्हटलं, "मला नको विचारू, तिला विचार." त्याने विचारलं. तिने ताटातला भात बोटाने गोळा केला, माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे.

"राहीन," ती म्हणाली. "पण आई झोपते त्या खोलीला बाहेरून कडी पाहिजे."

नवरा काही बोलणार, एवढ्यात मी म्हटलं, "हो. लावू."

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून कडी आणली. दोनदा लावली, दोनदा वाकडी बसली, दार ओढल्याशिवाय लागेना. पोरीच्या हाताला एवढा जोर कुठला? शेवटी मी त्याच्या हातातून पेचकस घेतला आणि तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर खूण करून, मीच ती सरळ बसवून दिली.